सुकाणूची दोरी

दिवाळीच्या सुटीत आम्ही मुले आजोळी, कर्लीच्या खाडीकाठी जात असू. चकल्या-करंज्यांच्या डब्यांइतकेच आमचे लक्ष तांडेलमामांच्या होडीकडे लागलेले असे. होडी लहान, एका शिडाची. तिच्या सुकाणूच्या दांड्याला दोन दोऱ्या बांधलेल्या होत्या आणि त्या दोन्ही अंगांच्या कप्प्यांतून पुढे आणल्या होत्या. त्यामुळे मामा मधल्या फळीवर बसून शीडही सांभाळीत आणि होडीही वळवीत.

एका वर्षी त्या दोऱ्या बदलायच्या होत्या. ते काम मी हट्टाने मागून घेतले. उजव्या हाताची दोरी उजव्या कप्पीतून आणि डाव्या हाताची डाव्या कप्पीतून ओवली, गाठी घट्ट मारल्या आणि स्वतःवरच खूश झालो. होडी पाण्यात गेली, शिडात वारा भरला. डावीकडे वाळूचा पट्टा वर आलेला दिसताच मामांनी उजवी दोरी ओढली, आणि होडी सरळ डावीकडे वळून त्या वाळूवरच चढली!

मामा रागावले नाहीत. मागे वळून त्यांनी एकदा दोऱ्यांकडे पाहिले आणि म्हणाले, "आधी दोरी ओढून मागे बघूचा रे झिला, मगे होडी सोडूची."

भरतीची वाट पाहत बसलो असता त्यांनी मला ते गणित समजावून दिले. दांडा उजवीकडे नेला की पाण्यातले पाते डावीकडे जाते आणि होडीही डावीकडे वळते. म्हणून उजव्या हाताची दोरी डाव्या कप्पीतून ओवायची, डाव्या हाताची उजव्या. दोऱ्यांची अशी फुली पडली म्हणजेच हात आणि होडी यांचे एकमत होते.

ती फुली माझ्या मनातून कधी गेली नाही. पुढे इतिहास वाचू लागलो तेव्हा ठिकठिकाणी हीच दोरी मला भेटत गेली.

जेरुसलेमला जन्मलेला अल्-मुकद्दसी हा अरब भूगोलकार. इ. स. ९८५ च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात त्याने तांबड्या समुद्रातल्या प्रवासाचे वर्णन केले आहे. त्या समुद्रात पाण्याखाली खडक फार. जहाजाचा नाखवा उंचावर बसून पाणी न्याहाळी. खडक दिसला की तो 'उजवीकडे' किंवा 'डावीकडे' अशी आरोळी देई. मध्ये उभी केलेली दोन मुले तीच आरोळी पुन्हा देत. आणि सुकाणूवाला हातांतल्या दोन दोऱ्यांपैकी योग्य ती ओढी. नाखव्याचे डोळे, मुलांचे गळे आणि सुकाणूवाल्याचे हात! या साखळीतला एक दुवा चुकला की जहाज खडकावर आपटलेच. आपला 'सुकाणू' हा शब्दही अरबांच्या 'सुक्कान'वरून आलेला. एका समुद्रावर वावरणाऱ्या माणसांनी मालाबरोबर शब्दांचीही देवघेव केली, ती अशी.

अठराव्या शतकाच्या आरंभी इंग्रजी जहाजांवर सुकाणूचे चाक आले. चाकामागे लाकडी रूळ असे. त्यावर दोरखंडाचे वेढे देऊन त्याची टोके दोन्ही अंगांच्या कप्प्यांतून दांड्याला बांधीत. मांडणी अशी बेताची असे, की चाक उजवीकडे फिरविले की दांडा डावीकडे जाई आणि जहाज उजवीकडे वळे. पण गंमत पाहा, आज्ञा मात्र जुन्या दांड्याचीच राहिली! कप्तान 'उजवीकडे' म्हणाला, तर त्याचा अर्थ 'दांडा उजवीकडे'; म्हणजे चाक डावीकडे आणि जहाजही डावीकडे. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री हिमनग समोर दिसताच 'टायटॅनिक'वर दिलेली आज्ञा 'उजवीकडे' अशीच होती, आणि रिवाजाप्रमाणे जहाज डावीकडे वळले. १९२९ साली लंडनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरले, की जहाज ज्या दिशेला न्यायचे तीच दिशा आज्ञेत सांगावी. ब्रिटनने हा नियम १९३३ पासून लागू केला. बोलणे आणि वळणे यांची गाठ पडायला दोनशेहून अधिक वर्षे लागली.

अमेरिकेतल्या नद्यांवरील आगबोटींची कथा याहून दारुण आहे. तेथे चाक पुढच्या बाजूला उंचावर आणि सुकाणू अगदी मागे. दोघांना जोडणारे दोरखंड बोटीच्या लांबीभर गेलेले, आणि मध्ये धगधगणारी भट्टी. बोटीला आग लागली की आधी ते दोरखंड जळत. मग किनारा हाकेच्या अंतरावर असूनही चाकवाल्याला बोट तिकडे वळविता येत नसे. अखेर १८३८ साली तेथल्या काँग्रेसने कायदा करून आगबोटींवर दोरखंडांऐवजी लोखंडी साखळ्या किंवा सळ्या वापरण्याची सक्ती केली.

पण याच दोरीने एका एकट्या माणसाला सोबतही दिली. २४ एप्रिल १८९५ रोजी कॅप्टन जोशुआ स्लोकम सुमारे ३७ फूट लांबीच्या 'स्प्रे' या शिडाच्या बोटीतून बॉस्टनहून निघाला. २७ जून १८९८ रोजी तो परतला, तेव्हा एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो पहिला माणूस ठरला होता. तो झोपे केव्हा? शिडे वाऱ्याशी जुळवून घ्यायची आणि सुकाणूचे चाक दोरीने बांधून टाकायचे, ही त्याची युक्ती. थर्सडे बेटापासून हिंदी महासागरातल्या कीलिंग बेटांपर्यंतचा २७०० मैलांचा प्रवास २३ दिवसांचा झाला. त्यात सुकाणूवर आपण सारे मिळून तीन तासही उभे राहिलो नाही, असे त्याने लिहून ठेवले आहे. बाकीचा वेळ तो वाचीत बसे, स्वयंपाक करी, झोप काढी. गाठ नीट होती आणि ती बांधण्यापूर्वी त्याने वारा ओळखला होता, एवढेच.

'अमक्याने सुकाणू हाती घेतले' असे आपण सहज म्हणतो. पण कित्येकदा सुकाणू हाती येतच नाही. ते मागे पाण्यात असते. हातात असते ती दोरी. ती कोठून कोठे गेली आहे हे न पाहता ओढणाऱ्याचे काय होते, ते मी त्या वाळूवर बसून पाहिले आहे.

पुढच्या दिवाळीला मामांनी दोऱ्या पुन्हा माझ्याच हातात दिल्या. मी फुली घालून त्या ओवल्या, उजवी ओढली आणि मागे वळून पाहिले. पाते उजवीकडे गेले होते. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी होडी सोडली.