अनुभवाचा जमाखर्च : मोक्षपट ते 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'

मराठीत 'अनुभव' हा शब्द दोन घरी नांदतो. ज्ञानेश्वरांनी 'अमृतानुभव' लिहिला, तिथला अनुभव मोजता येत नाही. नोकरीच्या जाहिरातीत 'पाच वर्षांचा अनुभव' मागतात, तो मात्र मोजून, दाखला जोडूनच द्यावा लागतो. पटावरच्या खेळांचा इतिहास धुंडाळताना हे दोन्ही अर्थ मला समोरासमोर उभे दिसले.

शांती नगरातल्या आमच्या सोसायटीतली मुले मोबाइलवर खेळताना 'लेव्हल वाढली' म्हणून ओरडतात. त्या 'लेव्हल'चे मूळ १९७४ साली निघालेल्या तीन छोट्या पुस्तिकांत आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे एकेका पात्राच्या वतीने बोलतात, शंका आली की फासे टाकायचे. पात्राने मिळवलेल्या अनुभवाचे गुण कागदावर लिहायचे. लढवय्याचे २००० गुण झाले की तो दुसऱ्या पायरीवर.

गुण कशाचे? राक्षस मारल्याचे, आणि खजिना आणल्याचेही: सोन्याच्या एका नाण्याला एक गुण. १९७५ च्या पुरवणीत राक्षस मारण्याचे गुण पुष्कळ कमी केले. परिणाम असा की, न लढता हळूच खजिना उचलून पळणारा शहाणा ठरू लागला. ज्याला गुण, तसे वागणे. २००० सालच्या आवृत्तीत संकटावर मात केल्याचे गुण मुख्य झाले, आणि खेळात लढाया वाढल्या.

आपल्याकडे पटावरच्या बढतीची कल्पना जुनी आहे. बुद्धिबळात शेवटच्या ओळीत पोचलेले प्यादे मोठे होते. हिंदुस्थानी पद्धतीत तर ते ज्या मोहऱ्याच्या रांगेत पोचेल, तेच मोहरे होई. पण पुढच्या डावात ते पुन्हा प्यादेच.

याहून जवळचा नातेवाईक म्हणजे मोक्षपट. परंपरा त्याचे कर्तेपण ज्ञानेश्वरांकडे देते. रा. चिं. ढेरे यांच्या संग्रहातल्या मोक्षपटांकडे वा. ल. मंजूळ यांनी अभ्यासकांचे लक्ष वेधले. पहिले घर जन्माचे, शेवटचे मोक्षाचे. शिड्या सद्गुणांच्या, साप काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर यांचे. जैनांच्या, वैष्णवांच्या ज्ञानचौपडींतही हीच मांडणी, घरांची संख्या वेगळी. हाच खेळ इंग्लंडात गेला, तिथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विकला जाऊ लागला आणि हळूहळू घरांची नावे गळाली. उरले साप, शिड्या आणि १०० आकडे.

मोक्षपट आणि अमेरिकन खेळ यांत मोठा फरक आहे. मोक्षपटात खेळणारा काहीच निवडत नाही; कवड्या पडतील तसे जायचे. शिडी मिळाली तर ती कमाई नव्हे, लाभ. आणि साप गिळतो तेव्हा मागचे काही शिल्लक राहत नाही, कारण सगळी योग्यता घरात असते, सोंगटीत नसते. गुणांच्या खेळात योग्यता पात्राला चिकटते आणि साठत जाते. मात्र १९७४ च्या नियमांतही साप होतेच: काही भुते व रक्तपिपासू स्पर्शाने पात्राची कमावलेली पायरी हिरावून घेत. खेळणाऱ्यांना मरणापेक्षा त्यांचीच धास्ती वाटे.

तिसरा विचार १९७८ च्या 'रूनक्वेस्ट'ने मांडला. तिथे पायऱ्याच नाहीत. जे कसब वापरून यशस्वी झालात, तेवढेच वाढू शकते. तेही नक्की नाही, फासे टाकावे लागतात. कसब जितके जास्त, तितकी ते आणखी वाढण्याची शक्यता कमी. ज्याने तबला किंवा सुतारकाम शिकले आहे, त्याला हा नियम समजावून सांगावा लागणार नाही.

कृपा, कमाई आणि अभ्यास अशी ही तीन उत्तरे. माझ्यासारख्या पदवीशिवाय अभ्यास करणाऱ्याला हा प्रश्न नुसता खेळाचा नाही. एका संस्थेच्या अर्जात 'अनुभव' या रकान्याखाली 'प्रमाणपत्र जोडावे' असे होते. जुन्या बाजारात पट शोधत घालवलेल्या वर्षांचे प्रमाणपत्र कोणी देत नाही, म्हणून तो अर्ज परत आला. मोजणाऱ्याने रकाना आखला की रकान्याबाहेरचे घडलेच नाही, असे होते. सोन्याचे गुण काय, दाखल्याचे काय, रीत एकच.

म्हणूनच मोक्षपटातल्या घरांची नावे मला मोलाची वाटतात. कोणता साप कुठून कुठे नेतो, यातून त्या काळच्या माणसाने काय मोजण्याजोगे मानले ते कळते. आकडे छापले की ते कळत नाही. वाचकांपैकी कोणाच्या घरी, देवघराच्या फडताळात किंवा जुन्या ट्रंकेत, असा कापडी वा कागदी पट असेल, तर त्याची घडी पुन्हापुन्हा मोडू नये. घडीवरच तो आधी फाटतो. निदान एक स्वच्छ छायाचित्र काढावे आणि घरांची नावे क्रमाने, जशी आहेत तशी, शुद्धलेखन न सुधारता उतरवून ठेवावीत.