पाटाच्या पाण्यापासून दिवाणगिरीपर्यंत

धार आणि देवास येथील पवारांच्या संस्थानांत दिवाण म्हटला म्हणजे बहुधा कारभारात मुरलेला, कायदा जाणणारा गृहस्थ डोळ्यांपुढे येई. पाटबंधाऱ्यांवर उमेदवारी केलेला अभियंता दिवाण झाला तो म्हैसुरात. पण त्या दिवाणाची, मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांची, घडण मात्र महाराष्ट्रात झाली.

पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून १८८३ साली ते पहिल्या क्रमांकाने अभियंता झाले आणि पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नाशिकला रुजू झाले. खडकवासल्याच्या त्यांच्या स्वयंचलित दरवाजांचे कौतुक पुष्कळ झाले आहे. आम्हांस अधिक मोलाची वाटते ती नीरा कालव्यावरील ‘ब्लॉक पद्धत’. पाटाचे पाणी मूठभर बागाइतदारांकडेच न जाता अनेक गावांना पाळीने मिळावे, म्हणून त्यांनी जमिनीचे गट पाडून पिकांची फेरपालट ठरवून दिली. ह्या कामात गणित थोडे, माणसांची समजूत घालणेच फार.

ती शिदोरी पुढे उपयोगी पडली. १९०९ साली ते म्हैसूरचे मुख्य अभियंता आणि १९१२ साली दिवाण झाले. कावेरीवरील कृष्णराजसागराला मद्रास सरकारची हरकत होती. संमती मिळाली ती ११ अब्ज घनफूट साठ्यापुरती. म्हैसूरने पाया मात्र पूर्ण उंचीच्या धरणाचा घातला! १९१४ च्या ग्रिफिन लवादाचा कौल म्हैसूरला अनुकूल पडला, मद्रासने ते प्रकरण लंडनपर्यंत नेले, आणि करार झाला तो १९२४ साली. तोवर विश्वेश्वरय्यांना दिवाणपद सोडून पाच वर्षे होऊन गेली होती. एकाच गावात दोन गाद्या नांदविलेल्या देवासकरांना असल्या वाटाघाटींचा चिवटपणा निराळा सांगावयास नको.

त्यांनी पद सोडले त्याचे कारणही लपवू नये. ब्राह्मणेतरांना सरकारी नोकऱ्यांत राखीव वाटा द्यावा की नाही, ह्यावर महाराजांशी मतभेद होऊन १९१८ च्या अखेरीस ते बाहेर पडले. निवड गुणवत्तेवरच व्हावी, हा त्यांचा आग्रह. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०२ सालीच रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या होत्या. त्यांच्याच कन्या अक्कासाहेब १९०८ साली देवासच्या थोरल्या पातीत सून म्हणून आल्या. पाण्याची पाळी लावणाऱ्या विश्वेश्वरय्यांना नोकऱ्यांतील वाटणी मानवली नाही, हे नवलच. म्हैसूर सरकारने १९१८ सालीच नेमलेल्या मिलर समितीच्या शिफारशी पुढे स्वीकारल्या.