मुंबईचीं जुनीं घरें आणि त्यांतले बिऱ्हाडकरू

गिरगांवांतून डोंगरीकडे जाणाऱ्या सरदार वल्लभभाई पटेल रस्त्यावर भर दुपारीं घामाघूम झालेल्या माणसास, ‘हा रस्ता मुळांत वारा आणण्याकरितां काढला आहे,’ असें कोणी सांगितलें, तर तो ती थट्टाच समजेल. परंतु गोष्ट खरी आहे. या रस्त्याचें पूर्वींचें नांव सँडहर्स्ट रोड. आणि तो व त्याच्या दक्षिणेचा प्रिन्सेस स्ट्रीट हे दोन्ही रस्ते जुनीं घरें पाडून पूर्व-पश्चिम काढले, ते समुद्राचा वारा दाट वस्तींत खेळावा म्हणून. शहर वाढवावें कसें आणि त्याच्या जुन्या पेठांचें करावें काय, हा वाद मुंबईंत सव्वाशें वर्षें चालला आहे. त्याचा उगम या वाऱ्यापाशींच आहे.

इ. स. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यांत मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनीं ग्रंथिक सन्निपाताची, म्हणजे प्लेगची, सांथ ओळखली. पुढील कांहीं महिन्यांत लक्षावधि लोक शहर सोडून गेले. १८९१ च्या खानेसुमारींत ८,२१,७६४ भरलेली वस्ती १९०१ मध्यें ७,७६,००६ वर आली. प्लेग उंदरांच्या पिसवांमुळें पसरतो, हें तेव्हां सर्वमान्य झालें नव्हतें. सारा दोष अंधाऱ्या खोल्या, तुंबलेलीं गटारें आणि कोंडलेली हवा यांच्या माथीं गेला. आरोपी ठरलीं तीं घरें. त्यांना शासन करण्याकरितां १८९८ सालीं कायदा होऊन सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला.

ट्रस्टची रीत सरळ होती. दाट वस्तीचा पट्टा ताब्यांत घ्यावयाचा, घरें पाडावयाचीं, रुंद रस्ता आंखावयाचा, आणि दोहों बाजूंच्या जागा नव्या बांधणीसाठीं भाडेपट्ट्यानें द्यावयाच्या. घरधन्यास नुकसानभरपाई मिळे. ती घराच्या भाड्याच्या उत्पन्नावरून ठरे. खरी मेख येथेंच होती. एका खोलींत दोन बिऱ्हाडें कोंबणाऱ्याचें उत्पन्न अधिक, म्हणून त्याची भरपाई देखील अधिक! आणि त्या दोन बिऱ्हाडांचें काय? ट्रस्टनें चाळी बांधल्या, नाहीं असें नाहीं. परंतु पहिल्या वीस वर्षांत पाडलेल्या खोल्या बांधलेल्यांहून अधिकच राहिल्या. गोदींतला हमाल पहांटे दरवाजाशीं हजर नसला तर त्या दिवसाची मजुरी बुडे. तो दूर जाणार कोठें? तो पलीकडच्या गल्लींत शिरे, तेथली दाटी वाढे आणि भाडें चढे. नकाशाच्या एका चौकोनांतली गर्दी पुसली जाऊन ती शेजारच्या चौकोनांत उमटे, इतकाच काय तो फरक.

ही गोष्ट ट्रस्टच्या ध्यानांतच आली नाहीं, असें म्हणणें मात्र अन्यायाचें होईल. १९०७ सालीं सरकारनें शहराच्या वाढीविषयीं सार्वजनिक संस्थांचीं मतें मागविलीं. आणि पुढें ट्रस्टच्या अध्यक्षपदावर आलेले जे. पी. ऑर हे तर या प्रश्नानें झपाटलेले गृहस्थ होते. प्रकाशासाठीं साडेत्रेसष्ट अंशांचा कोन मोकळा असला पाहिजे, हा त्यांचा प्रसिद्ध नियम. म्हणजे समोरच्या भिंतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून अधिक नसावी. जुन्या वस्तीवर समोरून घाव घालण्यापेक्षां उत्तरेस दादर-माटुंग्याकडे नवी वस्ती वसवावी, मध्यम स्थितींतले लोक तिकडे गेले कीं पेठांवरचा भार आपोआप उतरेल, असा त्यांचा होरा होता. तो अर्धा खरा ठरला. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या आजोबा-पणजोबांनीं घरांतल्या घरांत न्हाणी आणि शौचकूप हा चमत्कार पहिल्यानें पाहिला, तो हिंदु कॉलनींत किंवा माटुंग्यासच. कारकुनाला गाडीचा पास परवडे आणि त्याची कचेरी पहांटे उघडत नसे. हमाल होता तेथेंच राहिला.

१९२० सालीं सरकारनें डेव्हलपमेंट डायरेक्टोरेट काढून ५०,००० खोल्यांचा संकल्प सोडला. प्रत्यक्षांत नायगांव, डिलाइल रोड, वरळी व शिवडी येथें २०७ चाळी आणि त्यांत सुमारें १६,००० खोल्या उभ्या राहिल्या. त्यांतल्याहि पुष्कळशा आरंभीं कित्येक वर्षें ओस पडल्या होत्या. जागेचा दुष्काळ आणि रिकाम्या खोल्या एकाच शहरांत!

पुढें १९४७ च्या कायद्यानें जुनीं भाडीं १९४० च्या पातळीवर गोठविलीं. भाडेकरूस हें छत्र हवेंच होतें. त्या कायद्यास सरसकट नांवें ठेवणें आम्हांस रुचत नाहीं. परंतु भाड्यांतून चुन्याचा खर्च देखील निघेना, तेव्हां घरधन्यांनीं दुरुस्ती सोडली, आणि पावसाळ्यांत लांकडी तुळयांचीं घरें बसूं लागलीं. १९६९ सालीं दुरुस्तीसाठीं मंडळ आणि उपकर आला. अशा उपकरप्राप्त इमारतींची मोजदाद सुमारें १९,६०० भरली. टेकू लावून भागेना, तेव्हां १९९१ च्या नियमावलींत नवा तोडगा निघाला. ७० टक्के रहिवाशांची संमति घेऊन घर पाडावें, प्रत्येक बिऱ्हाडास निदान २२५ चौरस फुटांची जागा फुकट द्यावी, आणि वर मिळणारें जादा चटईक्षेत्र विकून खर्च व नफा काढावा.

या तोडग्यानें एक मोठी गोष्ट केली: ट्रस्टनें ज्याला हिशेबाबाहेर ठेवलें होतें, तो बिऱ्हाडकरू प्रथमच हिशेबांत आला. परंतु त्याची किंमत कोण देतो, तें पाहिलें पाहिजे. ऑर यांच्या लेखीं उंची हा दोष होता. येथें उंची हेंच चलन झालें. जेथें जमिनीला भाव, तेथें मनोरे उठले, आणि त्यांच्या सांवलींत साडेत्रेसष्ट अंशांचा हिशेब विरून गेला. जेथें जागा चिंचोळी किंवा भाव कमी, तेथें घर टेकूंवर तसेंच उभें. मध्यंतरीं संक्रमण शिबिरांत गेलेल्या कित्येकांचीं वर्षें नव्हे, दशकें तेथेंच गेलीं. म्हणून धोक्याच्या घरांतला माणूस सुद्धां बाहेर पडण्यास कचरतो. त्याला अडाणी म्हणणाऱ्यांनीं शिबिरांतल्या माणसास एकदां भेटावें. ३१ ऑगस्ट २०१७ रोजीं भेंडीबाजारांतली हुसेनी इमारत कोसळून तिसांहून अधिक माणसें दगावलीं. ती इमारत पुनर्विकासाच्या आंखणींत होती, आणि तरी त्या सकाळीं तींत कुटुंबें राहत होतीं.

जुन्या चाळीसाठीं गळा काढणाऱ्यांत आम्ही नाहीं. सामाईक शौचकूपापुढची सकाळची रांग ज्यानें पाहिली आहे, तो त्या काळाचे गोडवे जरा बेतानेंच गाईल. आम्ही पाहतों तें इतकेंच, कीं पाडण्यापूर्वीं जो माणूस चालत कामावर जात होता, तो बांधून झाल्यावर तेथून चालत जातो कीं नाहीं. २०२५ च्या ऑगस्टांत वरळीच्या चाळींतल्या ५५६ बिऱ्हाडांस नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या: १६० चौरस फुटांच्या जागीं ५००, आणि तेंहि त्याच जमिनीवर. शिवडीच्या चाळी मात्र बंदराच्या जमिनीवर आहेत, म्हणून त्या या योजनेबाहेर राहिल्या.