बैलगाडीच्या वंगणापासून डिझेलच्या बाटलीपर्यंत

वसई गावात होळी नावाचे ठिकाण आहे. बाहेरच्या माणसाला हे नाव ऐकून सण आठवतो, वसईकराला मात्र बाजार आठवतो. एका सकाळी या बाजाराजवळ आमची एका मालवाहू गाडीच्या मालकाशी गाठ पडली. गाडी तेच चालवतात आणि त्यांचा मुलगा सातवीत शिकतो. त्यांच्या हातात एक छोटी बाटली होती. ती पुढे करून ते म्हणाले, "सर, तुम्ही विज्ञान शिकवता ना? मग सांगा, ही डिझेलमध्ये ओतली तर अॅव्हरेज खरंच वाढतं का? दुकानदार म्हणतो वाढतं. गाडीचा हप्ता भरायचा असतो, उगाच पैसे घालायला परवडत नाहीत."

प्रश्न साधा होता, पण आमच्याकडे तयार उत्तर नव्हते. 'ही सगळी फसवणूक आहे' असे म्हणणे सोपे होते. मात्र तसे म्हणायलाही पुरावा लागतोच. म्हणून या बाटलीचा इतिहास शोधायचे आम्ही ठरवले. तो शोधताना लक्षात आले की बाटलीतली कल्पना खोटी नाही. प्रश्न आहे तो वेगळाच.

नळ्यातले वंगण

जुन्या बैलगाडीला वंगणाचा नळा टांगलेला असे. चाक कुरकुरू लागले की गाडीवान त्यातले वंगण आखाला लावी. दोन पृष्ठभागांच्या मध्ये तेलाचा पातळ थर राहिला की घर्षण आणि झीज कमी होते, एवढेच वंगणाचे काम होते. ते काम एरंडेलही करू शकत असे.

इंजिनाने हे काम अवघड केले. रुडॉल्फ डिझेल यांचे यशस्वी इंजिन १८९७ साली जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे चालले. इंधनातील उष्णतेपैकी सुमारे २६ टक्के उष्णतेचे ते कामात रूपांतर करी. त्या काळच्या वाफेच्या इंजिनाच्या मानाने ही मजल फार मोठी होती. या इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की तिचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि तिच्यात फवारलेले इंधन आपोआप पेटते.

महाराष्ट्रात हे तंत्र प्रथम शेतीच्या वाटेने रुजले. साताऱ्याच्या कूपर कारखान्यात १९३० च्या दशकात डिझेल इंजिने तयार होऊ लागली. १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली आणि खडकीची इंजिने गावोगावच्या विहिरींवर पोहोचली. वसईच्या वाड्यांमध्येही बैलांच्या रहाटाची जागा पंपाने घेतली. १९५४ साली जमशेदपूरला डाइम्लर-बेंझच्या सहकार्याने टाटांचे डिझेल ट्रक तयार होऊ लागले आणि रस्त्यावरची मालवाहतूकही हळूहळू डिझेलवर आली.

तेलात साबण

पण डिझेल इंजिनाची एक खोड होती. फवाऱ्यातले सगळे इंधन पूर्ण जळत नाही, काजळी उरते. ती तेलात मिसळून पिस्टनच्या खाचांमध्ये साचते आणि तेथल्या कड्या, म्हणजे पिस्टन रिंगा, अडकून बसतात. १९३० च्या दशकात अमेरिकेत कॅटरपिलर कंपनीच्या जड डिझेल इंजिनांमध्ये ही तक्रार फार वाढली. नुसते शुद्ध खनिज तेल येथे पुरे पडेना. तेव्हा कॅलिफोर्नियातील एका तेल कंपनीने तेलात धातूचा साबणासारखा सेंद्रिय क्षार मिसळून पाहिला. १९३५ च्या सुमारास असे तेल बाजारात आले आणि रिंगा मोकळ्या राहू लागल्या.

साबण काय करतो हे आपण वर्गात शिकवतोच. त्याच्या रेणूचे एक टोक मळाला धरते आणि दुसरे पाण्यात राहते. येथे पाण्याच्या जागी तेल आहे, एवढाच फरक. काजळीचे कण वेगवेगळे, तरंगते राहतात आणि कुठे थर धरत नाहीत. नवे तेल थोड्याच दिवसांत काळे पडले म्हणून अनेक चालक चिंतेत पडतात, पण काळे पडणे हे तेल आपले काम करीत असल्याचेही लक्षण असते.

पुढे १९४० च्या दशकापासून जस्त, फॉस्फरस आणि गंधक असलेली संयुगे तेलात आली. ती धातूवर एक संरक्षक थर तयार करतात. काही बहुलके आली, जी तेलाला उष्णतेने फार पातळ होऊ देत नाहीत. काही पदार्थ आम्लाचा नाश करतात, तर काही फेस थांबवतात. यांनाच बाजारात अॅडिटिव्ह म्हणतात. आपण त्यांना पूरके म्हणू. आज जड वाहनांच्या इंजिन तेलात दर शंभर लिटरमागे पंधरा-वीस लिटरच्या आसपास पूरके असतात.

म्हणजेच आपल्या गाडीवाल्याने चांगल्या तेलाचा डबा विकत घेतला, तेव्हाच पूरकांचे पैसे मोजले. ती एकमेकांशी तोलून मिसळलेली असतात. वरून आणखी एक बाटली ओतणे म्हणजे आचाऱ्याने चाखून ठेवलेल्या आमटीत न चाखता मूठभर मीठ टाकण्यासारखे आहे. नव्या बीएस-सहा ट्रकमध्ये धुरातली काजळी अडवणारी गाळणी असते. तेलातील धातूंची राख त्या गाळणीत साठते आणि ती काजळीप्रमाणे जाळून टाकता येत नाही. अशा गाडीत जादा मीठ महागात पडू शकते.

डांबराच्या गोळ्यांची गोष्ट

आता डिझेलकडे वळू. फवारा सुटल्यापासून तो पेटेपर्यंत सेकंदाचा अगदी लहान अंश जातो. हा विलंब जितका कमी, तितके इंजिन सुरळीत चालते. तो मोजण्यासाठी १९३० च्या दशकात एक मोजपट्टी ठरली. सीटेन नावाचे सरळ साखळीचे हायड्रोकार्बन चटकन पेटते, त्याला १०० गुण दिले. मिथिल नॅफ्थॅलीन पेटायला फार कुरकुरते, त्याला शून्य. डिझेलचा गुण या दोहोंच्या मध्ये कुठेतरी येतो. भारतीय मानकानुसार आज तो किमान ५१ असावा लागतो.

येथे एक गंमत आहे. इंधनाच्या टाकीत डांबराच्या गोळ्या टाकल्या की गाडी चांगली पळते, असा एक जुना समज आहे. या गोळ्या नॅफ्थॅलीनच्या असतात, म्हणजे शून्य गुणवाल्या पदार्थाच्या सख्ख्या बहिणी! पेट्रोल ठिणगीआधी पेटू नये अशी अपेक्षा असते, म्हणून तेथे या समजाला निदान थोडा आधार तरी सापडतो. डिझेल मात्र लवकर पेटावे लागते. तेथे हा उपाय उलटाच ठरतो.

सीटेनचा गुण वाढवणारी खरी पूरकेही आहेत. काही सेंद्रिय नायट्रेट अगदी थोड्या प्रमाणात मिसळली की विलंब कमी होतो. पण डिझेल मुळातच मानकाप्रमाणे असेल आणि इंजिन त्यासाठीच बनवलेले असेल, तर गुण आणखी वाढवून अॅव्हरेज त्याच प्रमाणात वाढत नाही. एक लिटर डिझेलमधील उष्णता तेवढीच राहते.

गंधक गेले, मग काय झाले?

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या देशात डिझेलमध्ये गंधक १ टक्क्यापर्यंत चालत असे. मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आली. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-सहा डिझेल मिळते आणि त्यात गंधक दशलक्षात १० भागांपेक्षा जास्त नसते. म्हणजे मर्यादा हजारपटीने कमी झाली. गंधक जळून होणारी आम्ले आणि धूर कमी झाला, हे चांगलेच झाले.

पण त्यात एक अडचण दडलेली होती. ती १९९० च्या दशकात स्वीडनमध्ये प्रथम ठळकपणे दिसली. तेथे अतिशय कमी गंधकाचे डिझेल आल्यावर काही गाड्यांचे इंधनपंप लवकर झिजू लागले. गंधक काढण्यासाठी डिझेलवर हायड्रोजनची प्रक्रिया करतात. तिच्यात डिझेलमधील काही ध्रुवीय संयुगेही जातात आणि पंपाला वंगण मिळत असे ते त्यांच्यामुळेच. उपाय म्हणून वंगणक्षमता वाढवणारे पूरक अत्यल्प प्रमाणात मिसळण्यास सुरुवात झाली. आता भारतीय मानकातही वंगणक्षमतेची कसोटी आहे. धातूची गोळी डिझेलमध्ये पट्टीवर घासतात आणि झिजेचा व्रण ४६० मायक्रॉनपेक्षा मोठा नसावा, असा नियम आहे.

तेव्हा पूरक आवश्यक आहे काय? होय. पण ते बहुधा डिझेल पंपावर येण्याआधीच त्यात पडलेले असते.

पावडर आणि संचालक

"पण वापरणारे सांगतात ना, फरक पडतो म्हणून!" गाडीवाल्यांचे हे म्हणणे आम्हाला उडवून लावायचे नाही. याच मुद्द्यावर अमेरिकेत एकदा मोठे वादळ उठले होते. ट्रक आणि मोटारींच्या बॅटरीत टाकण्याची एक पावडर तेथे विकली जात असे. तिचे नाव होते एडी-एक्स-टू. तिने बॅटरीचे आयुष्य वाढते असा दावा होता आणि समाधानी ग्राहकांची पत्रेही पुष्कळ होती. राष्ट्रीय मानक संस्थेने चाचण्या घेतल्या आणि पावडरीचा उपयोग नाही, असा निष्कर्ष काढला. १९५३ साली वाणिज्यमंत्र्यांनी संस्थेचे संचालक अॅलन अॅस्टिन यांनाच राजीनामा द्यायला सांगितले. ग्राहक खूश असताना प्रयोगशाळेने आडवे का यावे, असा मंत्र्यांचा सूर होता. शास्त्रज्ञांनी जोरदार निषेध केला आणि अॅस्टिन पदावर राहिले. नंतर राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीनेही संस्थेच्या चाचण्या योग्य ठरवल्या.

ग्राहक खोटे बोलत होते असे नाही. पावडर टाकताना माणूस बॅटरी साफ करतो, पाणी भरतो, नीट चार्ज करतो. सुधारणा यातून होते आणि श्रेय पावडरीला मिळते.

डिझेलचेही तसेच आहे. समजा, १०० लिटर डिझेल लागणारी खेप आहे. डिझेल एका अंशाने तापले की सुमारे ०.०८ टक्के फुगते. पहाटे आणि भर दुपारी भरलेल्या डिझेलच्या तापमानात १५ अंशांचा फरक असेल, तर तेवढ्यानेच सव्वा लिटरच्या आसपास फरक दिसतो. टाकी 'फुल' करण्यात एक-दोन लिटर इकडेतिकडे होतात. ताशी ६० ऐवजी ७० किलोमीटर वेगाने गेलो, तर हवेचा विरोध ३६ टक्क्यांनी वाढतो. भार, घाट, टायरमधली हवा हे तर वेगळेच. या गोंगाटात दोन-तीन टक्क्यांचा खरा फरक एका खेपेत दिसणे शक्य नाही.

आणि खर्चाचे काय? समजा, बाटली ४५० रुपयांची आहे, ती २०० लिटरला पुरते आणि डिझेल ९० रुपये लिटर आहे. २०० लिटरचे १८,००० रुपये झाले. म्हणजे निव्वळ बाटलीचे पैसे सुटायलाच अडीच टक्के बचत हवी.

बाटली केव्हा?

काही प्रसंगी पूरक खरेच लागते. लडाखच्या थंडीत डिझेलमधील मेण गोठते, तेथे २०१९ मध्ये हिवाळ्यासाठी खास डिझेल आले. वसईला त्याची गरज नाही. पावसाळ्यात टाकीत पाणी साचून जंतू वाढले, तर जंतुनाशक द्रव्य उपयोगी पडते, पण आधी टाकीच्या तळाचे पाणी काढावे लागते. बीएस-सहा ट्रकमधील युरियाचे ३२.५ टक्क्यांचे द्रावण ही निराळीच वस्तू आहे. ते वेगळ्या टाकीत, धूर शुद्ध करण्यासाठी लागते. ते डिझेलमध्ये कधीही ओतू नये.

डिझेलच भेसळीचे असेल, तर बाटली त्याला वाचवू शकत नाही. स्वस्त रॉकेल मिसळले की डिझेल पातळ होते, त्याची वंगणक्षमता घटते आणि झीज पंपाच्या वाट्याला येते. या धंद्याची किंमत महाराष्ट्राने मोजलेली आहे. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ इंधनाची भेसळ पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. टाकीत पडणारे डिझेल मानकाप्रमाणे असावे, यासाठी एका अधिकाऱ्याचा प्राण गेला, हे आपण विसरू नये.

वर्गात काय करता येईल?

होळीच्या गाडीवाल्यांना आम्ही शेवटी उत्तर दिले नाही, चाचणी सुचवली. एकसारख्या दिसणाऱ्या बाटल्या घ्यायच्या. निम्म्यांत पूरक, निम्म्यांत साधे डिझेल. कोणत्या खेपेला कोणती बाटली हे नाणे उडवून ठरवायचे आणि चिठ्ठी शाळेत बंद ठेवायची. गाडीवाल्याला ते कळता कामा नये, कारण आशा असली की पाय आपोआप हलका पडतो. मार्ग तोच, पंप तोच, वेळ पहाटेची, टायरमधली हवा दर वेळी तपासलेली. अशा निदान बारा खेपांची वही त्यांच्या मुलाने ठेवायची. सरासरी काढणे आणि आलेख मांडणे सातवीच्या गणितात बसते. बारा खेपांनी शेवटचा शब्द लागेल असे नाही, पण दोन्ही प्रकारच्या खेपांचे आकडे एकमेकांत मिसळलेले दिसले, तर बाटली आपले पैसे सोडवीत नाही असे धरायला हरकत नाही.

ते थोडे हसले आणि म्हणाले, "म्हणजे सर, हवा दर वेळी बघायची, वेगही तोच ठेवायचा. मग अॅव्हरेज तसंच वाढेल की!"

आपल्या शाळेतही कुणाचे तरी पालक ट्रक, टेम्पो किंवा रिक्षा चालवत असतील. त्यांच्याकडून अशी एखादी वही मागवून पाहावी.