करड्या रंगाची उधारी

मंडळी, एक सोपा प्रश्न. ऑफिसातल्या काळ्या-पांढऱ्या लेसर प्रिंटरमध्ये करडा रंग कुठल्या कप्प्यात भरतात?

कुठल्याच नाही. टोनर काळा, कागद पांढरा, विषय संपला. एका ठिपक्याच्या जागी टोनर पडेल किंवा पडणार नाही. आपल्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर प्रिंटर हा पक्का बायनरी प्राणी. तरीही त्यातून फोटो बाहेर येतो आणि गालावरची सावली व्यवस्थित दिसते. लग्नाच्या फोटोत या हातचलाखीने काही बिघडत नाही. पण कागदावरचं चित्र एखाद्या शोधाचा पुरावा असेल तर? मग करडा रंग कुणी ठरवला आणि कसा, हा प्रश्न गंभीर होतो. या वीकेंडला त्याचीच गोष्ट.

सुरुवात मंगळापासून करू. जुलै १९६५ मध्ये नासाचं मरिनर ४ मंगळाजवळून गेलं आणि त्याने २२ चित्रं टिपली (शेवटचं अर्धवट). प्रत्येक चित्रात २०० ओळी, प्रत्येक ओळीत २०० पिक्सेल, प्रत्येक पिक्सेलला ६ बिट म्हणजे ६४ छटा. गुणाकार करा, २,४०,००० बिट. आणि डेटा येण्याचा वेग सेकंदाला साधारण ८.३३ बिट! म्हणजे एका चित्राला आठ तास. (डाउनलोड हळू होतंय म्हणून कुरकुरणाऱ्यांनी नोंद घ्यावी.)

कॅलिफोर्नियातल्या जेपीएलमध्ये बसलेल्या इंजिनियर लोकांना, चित्र रीतसर तयार होऊन येईपर्यंत धीर धरवेना. त्यांनी पिक्सेलचे आकडे कागदाच्या पट्ट्यांवर छापले, पट्ट्या शेजारी शेजारी लावल्या आणि आकड्यांनुसार हाताने रंग भरायला घेतले. रिचर्ड ग्रम नावाचा इंजिनियर म्हणे दुकानात करड्या छटांचे खडू मागायला गेला होता. ते मिळाले नाहीत, रंगीत पेस्टल मिळाले. त्यामुळे अंतराळयानाने जवळून घेतलेलं मंगळाचं पहिलं चित्र पृथ्वीवर तपकिरी-पिवळ्या रंगांत उमटलं. पुढे ते चौकटीत बसवून जेपीएलचे संचालक विल्यम पिकरिंग यांना भेट दिलं गेलं.

मला या चित्रातली एक गोष्ट फार आवडते. रंगाखाली आकडे तसेच आहेत. कुठल्या आकड्याला कुठला रंग दिला, हे चित्रातच लिहिलेलं आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आकड्यांवरून करडी छटा कागदावर आणायची खटपट त्याही आधीची. १९२० च्या दशकात लंडन ते न्यूयॉर्क समुद्राखालच्या केबलने वर्तमानपत्रांचे फोटो पाठवायची बार्टलेन नावाची पद्धत होती. बोटीने आठवड्याहून जास्त वेळ घेणारा फोटो तीन तासांच्या आत पोचायचा. पलीकडे तो खास टाइप बसवलेल्या टेलिग्राफ प्रिंटरवर छापत. सुरुवातीला फक्त ५ छटा, १९२९ पर्यंत १५. नंतर कॉम्प्युटरच्या लाइन प्रिंटरवर लोकांनी हाच खेळ अक्षरांनी केला. फिकट हवं तिथे पूर्णविराम, गडद हवं तिथे एकाच जागी दोन-तीन अक्षरं एकमेकांवर छापायची. लांबून बघितलं की चित्र, जवळून बघितलं की भेळ.

मग आले ठिपकेवाले प्रिंटर. १९८५ मध्ये ॲपलचा लेसररायटर आला, इंचाला ३०० ठिपके आणि आत पोस्टस्क्रिप्ट समजणारा मेंदू. आता इथे थोडं गणित. करडं दाखवायचं तर ठिपक्यांचा एक चौकोनी गट करायचा आणि त्यातले काहीच काळे करायचे. ४ बाय ४ च्या गटात १६ ठिपके, म्हणजे सगळे कोरे धरून १७ छटा. पण मग इंचाला गट उरतात फक्त ७५. ८ बाय ८ केलं तर छटा ६५, पण गट इंचाला ३७ च्या आसपास. छटा वाढवल्या तर बारकावे जातात, बारकावे सांभाळले तर छटा जातात. प्रोजेक्ट मॅनेजरला सांगतो तसंच, दोन्ही एकदम मिळणार नाही साहेब.

यावर एक सुंदर तोड रॉबर्ट फ्लॉइड आणि लुईस स्टाइनबर्ग यांनी काढली, १९७६ मध्ये. वाण्याकडे ४७ रुपये झाले, तुम्ही पन्नासची नोट दिलीत, सुट्टे नाहीत. वाणी काय म्हणतो? तीन रुपये पुढच्या वेळी. फ्लॉइड-स्टाइनबर्गचं अगदी हेच. पिक्सेल थोडा करडा आहे, पण छापायचा तर काळा किंवा पांढराच. मग जी चूक झाली ती फेकून द्यायची नाही, शेजाऱ्यांच्या खात्यावर टाकायची. उजवीकडच्याला ७ सोळांश, खालच्या ओळीतल्या तिघांना ३, ५ आणि १ सोळांश. हिशेब शेवटी जुळतो आणि डोळ्याला करडं दिसतं. १९८८ मध्ये जेफ पॉस्कान्झरने पीबीएमप्लस नावाचा छोट्या कमांडचा संच काढला (आजच्या नेटपीबीएमचा पूर्वज), त्यात करड्याचं काळं-पांढरं करणारी कमांड काही न सांगता हीच पद्धत वापरते. एक कमांड चित्र वाचणार, दुसरी ठिपके करणार, तिसरी पोस्टस्क्रिप्ट बनवणार, मध्ये पाइप, शेवटी प्रिंटर. युनिक्सवाल्यांना यापेक्षा सुंदर दृश्य नाही.

पण उधारी कितीही चोख ठेवली तरी मुळातला पेच सुटत नाही. खगोलशास्त्रात चित्रं फिट्स नावाच्या फाइलींमध्ये ठेवतात. हा फॉरमॅट १९७९ मध्ये ठरला आणि १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एका पिक्सेलला १६ बिट दिले तरी ६५,५३६ पायऱ्या होतात. त्या १७ किंवा ६५ छटांत कोंबायच्या. कुठल्या ठेवायच्या आणि कुठल्या टाकायच्या, हे प्रिंटर ठरवत नाही. कमांड टाइप करणारा माणूस ठरवतो.

हे सगळ्यात स्पष्ट दिसतं ते एप्स या सॉफ्टवेअरमध्ये. अमेरिकेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलशास्त्र वेधशाळेने १९७८ मध्ये शार्लट्सव्हिल इथे हे लिहायला सुरुवात केली. न्यू मेक्सिकोतली व्हीएलए ही २७ अँटेनांची दुर्बीण तेव्हा उभी राहत होती, तिच्या डेटासाठी. (नावाचा उच्चार इंग्रजीतल्या माकडांसारखा, म्हणून मॅन्युअलचं नाव कुकबुक आणि त्यात खरोखर केळ्याच्या पाककृती. कुणा पुणेकराने शिकरण सुचवायला हवी होती.) आपल्या नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत, तिथल्या डेटावरही पुण्यातल्या खगोलशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं एप्स चालवलं.

एप्समध्ये करड्या चित्रासाठी ग्रेज नावाचं टास्क आहे. त्याचं नाव द्यायचं, पिक्सरेंज म्हणून दोन आकडे द्यायचे, मग गो. या दोन आकड्यांपैकी पहिल्याच्या खालचं सगळं एका टोकाच्या छटेत, दुसऱ्याच्या वरचं सगळं दुसऱ्या टोकाच्या. मधल्या पायऱ्या सरळ हव्यात, लॉग हव्यात की वर्गमूळाच्या, ते सांगायला वेगळा पॅरामीटर. नंतर एलडब्ल्यूपीएलए हे टास्क त्या आकृतीचं पोस्टस्क्रिप्ट करून प्रिंटरकडे पाठवतं. यातलं 'एलडब्ल्यू' म्हणजे लेसररायटर.

आता सिग्नस ए ही रेडिओ दीर्घिका घ्या. तिच्या दोन टोकांना अत्यंत तेजस्वी डाग आहेत. १९८४ मध्ये पर्ली, ड्रेहर आणि कोवन यांनी व्हीएलएच्या चित्रात तिच्या केंद्रातून निघालेला बारीक, फिकट जेट दाखवला. हा जेट त्या डागांपेक्षा कितीतरी पट मंद. समजा, तुम्ही आकडे शून्य ते कमाल असे दिलेत, पायऱ्या सरळ ठेवल्यात आणि छटा १७ आहेत. मग एक पायरी कमाल तेजाच्या सुमारे सहा टक्क्यांची झाली. त्याहून मंद असलेला जेट कोऱ्या कागदात गडप! वरचा आकडा खाली आणलात तर जेट दिसेल, पण तेजस्वी डागांचा नुसता काळा गोळा होईल. डेटा तोच, प्रिंटर तोच. दोन आकड्यांमुळे एक शोध कागदावर आहे किंवा नाही.

म्हणून हे लोक पिढ्यानपिढ्या सावध राहिले. आकाश पांढरं आणि तारे काळे छापायची पद्धत फोटोच्या काचांपासून चालत आलेली. १९४९ ते १९५८ मध्ये झालेल्या पालोमार आकाश सर्वेक्षणाच्या कागदी प्रती अशाच निगेटिव्ह होत्या, कारण पांढऱ्यावरचं फिकट काळं डोळ्याला चटकन कळतं. आणि करड्याबरोबर समपातळी रेषाही काढत, कारण झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये करडं मरतं, रेघ जगते.

पण माझं मन जिंकलं ते एका साध्या ओळीने. ग्रेजने काढलेल्या चित्राखाली सॉफ्टवेअर स्वतःहून छापतं की करड्या छटा किती तेजापासून किती तेजापर्यंत आहेत. रेषा काढल्या असतील तर त्यांच्या पातळ्याही. कुणी मागितलेलं नसतं. कागद फाइलपासून तुटून टपालाने कुठेही गेला, तरी ही ओळ बरोबर जाते. ग्रमच्या रंगाखाली आकडे होते ना, तेच हे, नीट टाइप केलेलं.

आज कासासारखी नवी सॉफ्टवेअर आली आहेत, चित्रं रंगीत झाली, प्रिंट कुणी फारसं काढत नाही. दोन आकडे मात्र अजून तिथेच असतात, फक्त ते सॉफ्टवेअर परस्पर ठरवतं आणि सांगतही नाही. सोमवारच्या मीटिंगमध्ये कुणीतरी सर्व्हरच्या लोडचा किंवा विक्रीचा झोकदार ग्राफ दाखवेल, डोंगर आभाळाला भिडलेला असेल. टाळ्या वाजवायच्या आधी एवढंच विचारा, की खालचा आकडा शून्य आहे का, आणि वरचा कुणी ठरवला?