शेक्सपीअरचे गाव : वास्तू आणि दप्तर

तीर्थाला गेलेला यात्रेकरू बडव्याजवळ पुरावा मागत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र तो मागावा लागतो. आणि मागितल्याने श्रद्धा उणावते, असे आम्हांस वाटत नाही. इंग्लंडातील एव्हन नदीकाठच्या स्ट्रॅटफर्डची, म्हणजे शेक्सपीअरच्या गावाची वारी आज आपण याच दृष्टीने करू.

पहिला मुक्काम हेन्ली स्ट्रीटवरील जन्मघर. नाटककाराचे वडील जॉन हे हातमोजे करणारे कारागीर. ते या रस्त्यावर राहत, हे सांगणारा सर्वांत जुना कागद कोणता? १५५२ साली रस्त्यात उकिरडा केल्याबद्दल त्यांना झालेल्या एका शिलिंगाच्या दंडाची नोंद! ज्या वास्तूपुढे पुढे जगाने टोप्या उतरल्या, तिच्या धन्याची पहिली साक्ष देतो तो दंड लिहिणारा एक अनाम कारकून. १८४७ साली हे घर लिलावात निघाले. अमेरिकेचा खेळवाला बार्नम ते उचलून नेणार, अशी आवई उठली. तेव्हा वर्गणी जमवून ते ३००० पौंडांना लोकांसाठी विकत घेण्यात आले.

दुसरा मुक्काम 'न्यू प्लेस'. लंडनच्या रंगभूमीवर मिळविलेल्या पैशातून शेक्सपीअरने १५९७ साली हा मोठा वाडा घेतला आणि येथेच १६१६ साली देह ठेवला. येथे गेलेल्या माणसास वाडा दिसत नाही. दिसते ती बाग. १७०२ च्या सुमारास वाड्याची जवळजवळ नव्याने बांधणी झाली होती. पुढे तो गॅस्ट्रेल नावाच्या पाद्र्याकडे आला. कवीने लावले असे सांगितले जाणारे तुतीचे झाड पाहण्यास येणाऱ्यांचा त्याला इतका उबग आला, की त्याने झाडच तोडले. मग करावरून गावाशी भांडण झाले, तेव्हा १७५९ साली त्याने वाडाही पाडून टाकला. त्या तुतीच्या लाकडाच्या डब्या एका घड्याळजीने वर्षानुवर्षे विकल्या. एका झाडातून इतके लाकूड निघाले कसे, हा प्रश्न भाविकांना पडला नाही!

तिसरा मुक्काम जवळच्या विल्मकोट खेड्यात. कवीची आई मेरी आर्डन हिचे माहेर म्हणून येथील एक देखणे लाकडी घर यात्रेकरू पिढ्यान्पिढ्या पाहत आले. इसवी सन २००० मध्ये जुन्या जमिनींची कागदपत्रे तपासल्यावर उलगडा झाला, की ते घर शेजारी पामर याचे! आर्डनांचे घर लगतचे, साधेसे. आजवर कोणी फारसे न पाहिलेले. विश्वस्तांनी चूक झाकली नाही. दोन्ही घरांची नावे बदलून टाकली. या प्रामाणिकपणाने स्थानाचे माहात्म्य घटले, असे कोण म्हणेल?

शेवटचा मुक्काम होली ट्रिनिटी चर्च. येथे वारी सुरूही होते आणि संपतेही. २६ एप्रिल १५६४ रोजी बाप्तिस्मा, २५ एप्रिल १६१६ रोजी दफन. दोन त्रोटक नोंदी. जन्मतिथी कोठेच लिहिलेली नाही. २३ एप्रिल हा केवळ तर्क. कवीची समाधी आतल्या मानाच्या जागी आहे. पण ती कवित्वामुळे मिळालेली नव्हे. १६०५ साली ४४० पौंड देऊन त्याने गावच्या धर्मादाय दशांशाच्या उत्पन्नात भाग घेतला होता. तो मान त्या व्यवहाराचा आहे.

श्रोतेहो, या वारीत दगडविटांनी आपल्याला कितीदा चकविले आणि कागदांनी कितीदा सावरले, ते आपण पाहिले. आगरकरांनी १८८३ साली 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' केले, तेव्हापासून हा नाटककार आपलाही आहे. पण आपल्या नाटककारांचे काय? विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीस 'सीतास्वयंवर' उभे केले, त्यानंतर किती मंडळ्या गावोगाव फिरल्या! त्यांच्या जमाखर्चाच्या वह्या, पत्रे, हस्तलिखिते, नगरपालिकांचे जुने दप्तर कोठे आहे? पुतळे उभारावेत, घरांवर पाट्या लावाव्यात. आमची ना नाही. परंतु त्याआधी घरोघरच्या माळ्यावरील ट्रंका उघडाव्यात आणि आतले कागद रद्दीत जाऊ देऊ नयेत. वाडा पडला तरी पुन्हा बांधता येतो. वाळवीने खाल्लेली वही मात्र पुन्हा लिहिता येत नाही.