गॅरेजवरचा माळा : आधी भार ठरवा, मग कैची

बंगल्याच्या आवारात मोटारीसाठी गॅरेज बांधायचे, त्यावर उतरते छप्पर घालायचे आणि छपराखालच्या पोकळीत माळा काढायचा, ही कल्पना पुण्याला नवी नाही. पेठांमधील वाड्यांत अडगळीचे सामान माळ्यावरच चढवले जाई. मात्र त्या माळ्याखाली जाडजूड तुळई असे आणि ती वरचा भार सोसण्यासाठीच घातलेली असे. आज बहुधा आधी फक्त पत्र्यासाठी कैच्या उभारल्या जातात आणि वर्षभराने त्यांच्याच आडव्या पट्टीवर फळ्या टाकून माळा केला जातो. खरी चूक तेथे होते.

कैचीची आडवी पट्टी तुळईसारखी दिसते, पण तिचे काम निराळे आहे. वरून भार आला, की दोन्ही बाजूंचे तिरपे वासे खाली फाकू पाहतात आणि भिंतींना बाहेर ढकलतात. ही पट्टी त्यांचे पाय एकमेकांकडे ओढून धरते. ती ताणात असते. मधला उभा खांबही तिच्यावर टेकलेला नसतो, उलट तोच तिला वरून उचलून धरतो. अशा पट्टीवर दोन सांध्यांच्या मध्ये ट्रंका रचल्या, तर ती वाकते. डोक्याला लागते म्हणून ती कापून वर घेतली, तर भिंती फाकतात.

हिशेब साधा आहे. साडेतीन मीटर रुंद आणि सहा मीटर लांब गॅरेजवरील पत्र्याचे वजन चौरस मीटरला पाच-सहा किलो धरले, तर सारा पत्रा दीडशे किलोच्या आसपास भरतो. मागच्या बाजूला केवळ दोन मीटर खोलीचा माळा काढला, तर त्याचे क्षेत्र सात चौरस मीटर होते. घरातील खोलीच्या जमिनीसाठी अभियंते चौरस मीटरला साधारण दोनशे किलो वापरभार धरतात. त्या मापाने माळ्याचा भार चौदाशे किलो, म्हणजे पत्र्याच्या जवळजवळ दहापट. जुनी पुस्तके आणि वर्तमानपत्रांचे गठ्ठे ठेवायचे असतील, तर तेवढाही हिशेब अपुरा पडतो.

मंगळुरी कौलांची गोष्ट वेगळी. बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात कारखाना काढल्यापासून पसरलेले हे कौल रिपांसह चौरस मीटरला सुमारे ६५ किलो भरते. त्यामुळे कौलांची कैची मुळातच दणकट लागते. मात्र म्हणून तिच्यावर माळाही पेलेल, असे गृहीत धरता येत नाही.

पत्र्याच्या छपराला खरा धोका वजनाचा नसून वाऱ्याचा असतो. भारतीय मानक ८७५ मध्ये पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर दिला आहे. त्यातून निघणारा दाब चौरस मीटरला नव्वद किलोंच्या घरात जातो. उतार, आडोसा आणि उघडी दारे यांनुसार तो कमी-अधिक होतो. तरीही पाच-सहा किलोंचा पत्रा उचलायला तो पुरेसा आहे. वळवाच्या वादळात गॅरेजचे दार उघडे राहिले, तर वारा आत शिरून छप्पर खालूनही रेटतो. म्हणून कैची भिंतीवर नुसती टेकवून भागत नाही. भिंतीच्या माथ्यावरील काँक्रीटच्या पट्ट्यात आधीच बोल्ट रोवून ती जखडावी लागते. हे बोल्ट नंतर बसवणे कटकटीचे असते. गवंड्याला नकाशा हाती देतानाच ते सांगितलेले बरे.

माळ्याच्या उंचीबाबतही अपेक्षाभंग होतो. साडेतीन मीटर रुंदीवर तीस अंशांचा उतार दिला, तर आढे आडव्या पट्टीपासून जेमतेम एक मीटर वर जाते. कडेला वळचणीपाशी तर हात घालण्यापुरतीच जागा उरते. उतार पंचेचाळीस अंशांचा केला, तर मध्ये पावणेदोन मीटर मिळतात. पण पत्रा अधिक लागतो आणि वाऱ्याला अडणारे अंगही वाढते. राज्याच्या २०२० साली लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत माळा हा साठवणीसाठी असून त्याची उंची दीड मीटरपर्यंतच धरली आहे. तेथे पुढे भाडेकरू किंवा अभ्यासाची खोली करण्याचा बेत असेल, तर तो माळा राहत नाही. तसा नकाशा वास्तुविशारदामार्फत महापालिकेकडून आधी मंजूर करून घ्यावा लागतो.

सर्वांत निर्धोक उपाय म्हणजे माळ्याला कैचीपासून सोडवणे. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लोखंडी किंवा सागवानी तुळया स्वतंत्र टाकाव्यात, त्यांवर फळ्या ठोकाव्यात आणि कैचीवर केवळ छप्पर ठेवावे. लोखंडाचा खर्च थोडा वाढतो, पण पुढे पत्रे बदलायची वेळ आली, तर माळा रिकामा करावा लागत नाही. माळा मागच्या भिंतीलगत घेतला, की मोटारीच्या बॉनेटवरची एरवी वाया जाणारी जागा कामी येते.

त्या माळ्यावर रॉकेल, थिनर किंवा रंगाचे डबे मात्र ठेवू नयेत. खाली पेट्रोलची टाकी उभी असते आणि वर कोरडे लाकूड. शनिवारवाड्याचे लाकडी मजले १८२८ च्या आगीत गेले, जोती आणि तटबंदी तेवढी उरली.